वाचक विचारतात: पबमेडमध्ये पेपर आहेत, मग मला का सापडत नाहीत?

मागच्या अंकात पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या नोंदींच्या मोफत ऑनलाइन डेटाबेसवर, एक छोटं टिपण दिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बरेचसे प्रश्न रेसिडेंट डॉक्टरांचे आहेत, पण नर्सिंगचे आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी आहेत, घरात कुणी आजारी आहे म्हणून शोधाशोध करणारेही आहेत. एक लक्षात ठेवा, कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या, आणि चौकटी कंसातला जो टॅग आहे तो शब्दाला चिकटूनच द्यायचा.

ताई, मी पीडियाट्रिक्सला सेकंड इयरला आहे, थिसिस विंचूदंशावर आहे. पबमेडमध्ये 'स्कॉर्पियन स्टिंग ट्रीटमेंट प्राझोसिन इन चिल्ड्रन महाराष्ट्र' असं टाकलं की अगदी मोजके पेपर येतात. गाइड म्हणतात एवढेच कसे असतील, कोकणात यावर किती काम झालंय! माझं कुठे चुकतंय? (रेसिडेंट डॉक्टर, सोलापूर)

गाइड बरोबर म्हणतायत. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधावर जे काम केलं ते जगभर वाचलं गेलंय, २०११ साली बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये त्यांची रँडमाइज्ड ट्रायलही आली. म्हणजे पेपर आहेत, तुमच्या सर्चपर्यंत ते पोचत नाहीयेत एवढंच.

तुम्ही सगळे शब्द एका ओळीत दिलेत आणि पबमेड त्यांच्या मधे 'अँड' धरतं, म्हणजे हे सगळेच्या सगळे एका रेकॉर्डमध्ये असतील तरच पेपर दाखवणार. आणि रेकॉर्ड म्हणजे पूर्ण पेपर नाही हं, हे खूप जणांना माहीतच नसतं. पबमेड पेपरच्या आतला मजकूर वाचत नाही, ते टायटल, ॲबस्ट्रॅक्ट, लेखक, त्यांचे पत्ते, कीवर्ड आणि मेश नावाच्या ठरलेल्या विषययादीतली हेडिंग्ज एवढंच बघतं. आता एखाद्या पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये 'महाराष्ट्र' नसेल आणि पत्त्यातही नसेल तर तो कितीही महत्त्वाचा असला तरी तुमच्या यादीतून गेला! म्हणून जागेचं नाव पहिल्यांदा काढा. 'ट्रीटमेंट' पण काढा, मॅनेजमेंट, इफेक्ट, आउटकम असले शब्द सर्चमध्ये ठेवून फायदा काहीच होत नाही, नुसते पेपर गळतात.

मग सर्च बॉक्सच्या खाली 'ॲडव्हान्स्ड' लिहिलंय ना तिथे जा, खाली हिस्टरी दिसेल, प्रत्येक सर्चच्या समोर 'डिटेल्स'चा बाण असतो तो उघडा. माझ्या मते पबमेडमध्ये याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही आणि नव्वद टक्के लोक ते कधी उघडतच नाहीत. तुम्ही दिलेले शब्द पबमेडने कसे समजून घेतले ते तिथे जसंच्या तसं लिहिलेलं असतं. 'हार्ट अटॅक' टाकलंत तर तिथे 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हे मेश हेडिंग आपोआप जोडलेलं दिसेल, 'ट्रीटमेंट' टाकलंत तर 'थेरप्युटिक्स' आणि 'थेरपी' घुसलेलं दिसेल. याला ऑटोमॅटिक टर्म मॅपिंग म्हणतात. ते बऱ्याचदा कामाचं असतं, कधीकधी भलतीकडे नेतं, पण ते काय करतंय हे बघितल्याशिवाय आपल्याला कळणार कसं?

आता खरी मेहनत. विषयाचे दोन तुकडे करा, विंचू आणि औषध, आणि प्रत्येक तुकड्याला आजवर लोकांनी काय काय म्हटलंय ते सगळं गोळा करा. आपल्याकडचा तांबडा विंचू घ्या. जुन्या पेपरांत तो 'बुथस टॅम्युलस' आहे, नंतरच्या पेपरांत 'मेसोबुथस टॅम्युलस', आणि आता 'हॉटेंटोटा टॅम्युलस' लिहितात. प्राणी तोच, पण मेसोबुथस एवढंच शोधलंत तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही काम हातातून जातं. इथे सोपी युक्ती म्हणजे नुसतं 'टॅम्युलस[टीआयएबी]' टाकायचं, तिन्ही नावांत तो शब्द कॉमन आहे. टीआयएबी म्हणजे टायटल आणि ॲबस्ट्रॅक्ट एवढ्यातच शोध. शिवाय कुणी 'स्टिंग' लिहितं, कुणी 'एन्व्हेनोमेशन', कुणी 'एन्व्हेनोमिंग', कुणी 'स्कॉर्पियनिझम'. त्यामुळे पहिला तुकडा साधारण असा होईल:

("स्कॉर्पियन स्टिंग्ज"[एमएच] ऑर स्कॉर्पियन*[टीआयएबी] ऑर टॅम्युलस[टीआयएबी])

आणि दुसरा:

(प्राझोसिन[एमएच] ऑर प्राझोसिन[टीआयएबी] ऑर अँटिव्हेनिन्स[एमएच] ऑर अँटिव्हेनम*[टीआयएबी] ऑर अँटिव्हेनिन*[टीआयएबी])

दोन्ही वेगवेगळे चालवायचे आणि मग हिस्टरीमधूनच अँड करून जोडायचे. अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, का घेतलं तर प्राझोसिनची तुलना त्याच्याशीच होते, थिसिसमध्ये तो भाग येणारच आहे.

एमएच म्हणजे मेश, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून चालवलेली विषयांची शिस्तबद्ध यादी. लेखकाने काहीही शब्द वापरलेला असो, पेपर त्या विषयाचा असला की त्याला ठरलेलं हेडिंग लागतं. मेशच्या पानावर 'इयर इंट्रोड्यूस्ड' म्हणून एक ओळ असते ती मुद्दाम वाचा, कारण त्या वर्षाच्या आधीचे पेपर बऱ्याचदा दुसऱ्या, जुन्या हेडिंगखाली असतात. कोविडचंच बघा ना, 'कोविड-१९' हे हेडिंग मुख्य यादीत २०२१ ला आलं, त्याआधी जगभर हजारो पेपर येऊन गेले होते. म्हणून मेश एकटं नाही आणि साधे शब्द एकटे नाहीत, दोन्ही ऑरने जोडून वापरायचे.

'चिल्ड्रन'चं काय करायचं? आधी तो तुकडा न घालता आकडा बघा. वाचून संपवता येईल एवढा असेल तर घालूच नका, डोळ्यांनी चाळा, कारण कितीतरी पेपरांत मुलं आणि मोठी माणसं एकत्र असतात आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये वयाचा वेगळा उल्लेखच नसतो. फारच मोठा असेल तर तिसरा तुकडा करा, त्यात चाइल्ड* बरोबर चिल्ड्रन पण घ्या, आणि पीडियाट्रिक ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगने घ्या.

आणि शेवटी तपासणी. तुम्हाला माहीत असलेले चार-पाच महत्त्वाचे पेपर, त्यात बीएमजेचा तो २०११ चा पण, तुमच्या निकालात आहेत का बघा. एखादा नसेल तर त्याचं रेकॉर्ड उघडून खाली कोणती मेश हेडिंग्ज लावलीत, टायटलमध्ये कोणते शब्द आहेत ते बघा, तुमच्या तुकड्यात काय राहिलं ते तिथेच सापडतं. माझ्याकडे लायब्ररीत येणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला मी हे करायला लावते.

अवतरण चिन्हं कधी द्यायची आणि स्टार कधी? सिनियर सांगतात नेहमी कोट्समध्येच टाकायचं. (एमएस्सी नर्सिंग, सांगली)

नेहमी नको. कोट्स दिले की वर सांगितलेलं ऑटोमॅटिक मॅपिंग बंद होतं, म्हणजे "हार्ट अटॅक" कोट्समध्ये टाकलंत तर फक्त तेच दोन शब्द, त्याच क्रमाने, मायोकार्डियल इन्फार्क्शन गायब. स्टारने पण मॅपिंग बंदच होतं. म्हणून स्टार वापरलात की त्याच्या जोडीला मेश हेडिंग हाताने घालायला विसरू नका. स्टारच्या आधी किमान चार अक्षरं लागतात, आणि चार आहेत म्हणून लगेच लावायचाही नाही, 'नर्स*' (एन-यू-आर-एस, शेवटचा ई न घेता) ठीक आहे, त्यात नर्सेस, नर्सिंग येतात, पण त्याच्यात 'नर्सरी' पण येते बरं का.

कोट्सची आणखी एक भानगड आहे. पबमेड वाक्प्रयोग शोधताना आधीपासून बनवलेल्या एका यादीत बघतं, तुमचा फ्रेज त्या यादीत नसेल तर तसा मेसेज येतो आणि सर्च कोट्स नसल्यासारखा होतो, म्हणजे शब्द कुठेही विखुरलेले चालतात. लोक तो मेसेज वाचतच नाहीत. अशा वेळी प्रॉक्सिमिटी वापरा, २०२२ च्या शेवटी ही सोय आली. "प्रेशर अल्सर प्रिव्हेन्शन बंडल"[टीआयएबी:~०] असं दिलं की हे शब्द एकमेकांना लागूनच हवेत, आणि ~३ दिलं तर मधे जास्तीत जास्त तीन शब्द चालतील, क्रम कोणताही. फक्त प्रॉक्सिमिटीत स्टार चालत नाही, आणि मॅपिंगही होत नाही.

आणि अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्येच लिहायची सवय ठेवा. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, 'स्नेक ऑर स्कॉर्पियन अँड अँटिव्हेनम' मधे आधी ऑर होतो मग अँड. दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच वेगळ्या क्रमाने होऊ शकतं, म्हणून कंस घालायला आळस करू नका.

मी 'ह्युमन्स' फिल्टर लावला तर या वर्षीचे बरेच पेपर गायब झाले. ते पेपर माणसांवरचेच होते! असं का? आणि प्राण्यांवरचे पेपर टाळायचे तर मग दुसरं काय करू? (फार्माकॉलॉजी रेसिडेंट, नागपूर)

फारच चांगला प्रश्न, हा फिल्टर कित्येक थिसिस बिघडवतो.

डावीकडचे वय, लिंग, ह्युमन्स हे फिल्टर मेश हेडिंगवर चालतात. ज्या पेपरला अजून मेश लागलेलं नाही तो फिल्टरला दिसतच नाही. नवे पेपर, आणि मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश लावलेला मुख्य भाग) नसलेल्या पण पबमेड सेंट्रलमुळे (पूर्ण पेपरांचा मोफत संग्रह) पबमेडात आलेल्या जर्नलचे पेपर, हे सगळे असे असतात. आता इंडेक्सिंग ऑटोमॅटिक झाल्यामुळे नव्या पेपरांना पूर्वीइतकं थांबावं लागत नाही, पण मेडलाइनबाहेरच्या पेपरांना मेश कधीच लागत नाही, आणि आपल्याकडची कितीतरी जर्नल्स त्यातच मोडतात.

मग लोक काय करतात, शेवटी 'नॉट ॲनिमल्स[एमएच]' लावतात. हे तर अजिबात करू नका! मेशची यादी झाडासारखी आहे, वरचं हेडिंग घेतलं की त्याच्या खालची सगळी आपोआप येतात, आणि ह्युमन्स हे हेडिंग ॲनिमल्सच्या खालीच येतं, सस्तन प्राणी, मग प्रायमेट्स, असं करत. म्हणजे ॲनिमल्स काढलेत की माणसांवरचे पेपरही गेले. बरोबर पद्धत अशी:

नॉट (ॲनिमल्स[एमएच] नॉट ह्युमन्स[एमएच])

म्हणजे जे फक्त प्राण्यांवरचे आहेत तेवढेच काढा, माणसं आणि प्राणी दोन्ही असलेले ठेवा, आणि ज्यांना अजून काहीच हेडिंग नाही ते पण ठेवा. कॉक्रेन ही उपचारांवरच्या अभ्यासांचे रिव्ह्यू करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिचे लोक ट्रायल शोधण्यासाठी जो ठरलेला सर्च वापरतात त्याच्या शेवटी हीच ओळ असते. ट्रायलच हव्या असतील तर तो अख्खा सर्च तसाच घ्या, स्वतः नवीन फिल्टर बनवत बसू नका, त्या लोकांनी तो तपासून घेतलेला आहे.

आमच्या विभागाला मुंबईतून एखाद्या विषयावर किती पेपर आले ते मोजायचंय. 'मुंबई' टाकून मोजलं तर चालेल ना? (कम्युनिटी मेडिसिन, मुंबई)

नुसतं टाकून नाही चालणार. पत्त्यासाठी [एडी] टॅग लावा, आणि मुंबई[एडी] ऑर बॉम्बे[एडी] असं दोन्ही घ्या, कारण नाव १९९५ ला बदललं आणि काही संस्था आजही बॉम्बेच लिहितात. टॅग न लावता बॉम्बे टाकलंत तर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' वरचे जगभरातले पेपर येतील, तो रक्तगट १९५२ ला डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून लॅन्सेटमध्ये कळवला होता, पण आता त्याच्यावर कुठूनही पेपर येतात.

मग केईएम. केईएम मुंबईत परळला आहे, पुण्यात रास्ता पेठेत आहे, आणि किंग एडवर्ड मेमोरियल नावाचं हॉस्पिटल ऑस्ट्रेलियात पर्थलाही आहे. तेव्हा शहराचं नाव अँड करूनच घ्या. औरंगाबाद पण तसंच, बिहारमध्येही आहे, आणि आता आपल्याकडचं छत्रपती संभाजीनगर म्हणूनही शोधायला हवं. पुणे-पूना तर आहेच.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. पबमेडात पत्ते १९८८ पासून यायला लागले आणि २०१३ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचाच पत्ता असायचा, त्यानंतर सगळ्यांचे यायला लागले. म्हणजे तुम्ही २०१० आणि २०२० चे आकडे शेजारी मांडून 'मुंबईचं संशोधन इतकं वाढलं' असं लिहिलंत तर त्यातली काही वाढ फक्त नोंदी ठेवायची पद्धत बदलल्यामुळे दिसतेय. दोन्ही बाजूंना फक्त पहिला लेखक धरून मोजा, म्हणजे निदान तुलना खरी होईल. वेळ लागेल, एक्सेलमध्ये बसून करावं लागेल, पण आकडा छापायचा असेल तर हे टाळता येणार नाही.

आमच्या कॉलेजकडे एम्बेस हा डेटाबेस नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका विषयावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासणं) करायचाय. फक्त पबमेड केलं तर चालतं का? (असिस्टंट प्रोफेसर, मराठवाड्यातलं खासगी कॉलेज)

चालत नाही, आणि का नाही याला एक खूप वाईट उदाहरण आहे. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावर एक प्रयोग चालू होता, त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासातून दिलं. त्यातली २४ वर्षांची एक तरुणी फुप्फुसं निकामी होऊन गेली. हे औषध फुप्फुसांना इजा करू शकतं असे पेपर १९५० च्या दशकात येऊन गेले होते, पण त्या वेळी पबमेड मागे फक्त १९६६ पर्यंतच जायचं. त्याच्या आधीचं साहित्य छापील खंडांत होतं आणि तिथपर्यंत शोध गेलाच नाही. नंतर जी चौकशी झाली तिच्यात लिटरेचर सर्च अपुरा होता हा मुद्दा ठळकपणे आला. मी लिटरेचर सर्चचा वर्ग घेते तेव्हा हे पहिल्या तासालाच सांगते, कारण सर्च म्हणजे थिसिसमधलं एक चॅप्टर भरायचं काम असं मुलांना वाटत असतं.

आता पबमेडमध्ये १९६६ च्या आधीच्याही बऱ्याच नोंदी आल्यात, पण एक पेच आहे. ॲबस्ट्रॅक्ट साधारण १९७५ पासूनच मिळतात, त्याआधीच्या नोंदींत बहुतेक वेळा फक्त टायटल असतं. म्हणजे जुनं शोधताना तुमचा टीआयएबी सर्च प्रत्यक्षात एका ओळीवर चाललेला असतो, तिथे शब्द जास्त सैल ठेवा आणि तुकडे कमी करा.

एम्बेसचं म्हणाल तर ते एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीचं आहे, महाग आहे, औषधांवरचं साहित्य आणि कॉन्फरन्स ॲबस्ट्रॅक्ट त्यात जास्त असतात. कॉक्रेनची अपेक्षा मेडलाइन, एम्बेस आणि सेंट्रल (कॉक्रेनचा स्वतःचा ट्रायलचा संग्रह, पबमेड सेंट्रल नव्हे) हे तिन्ही बघावेत अशी आहे. तुमच्याकडे नसेल तर आधी सेंट्रल नीट करा, कॉक्रेन लायब्ररीत ते कुणालाही फुकट शोधता येतं, आणि त्यात एम्बेसमधून काढलेल्या ट्रायलच्या नोंदी असतात, ट्रायल रजिस्ट्रीतल्याही असतात. तुमचा रिव्ह्यू ट्रायलवर असेल तर बरीचशी उणीव तिथे भरून निघते. निरीक्षणात्मक अभ्यासांवर असेल तर नाही निघत, मग जवळच्या एखाद्या संस्थेत एम्बेस आहे का विचारा आणि तिथल्या लायब्ररियनला सहलेखक म्हणून घ्या, त्यांनी सर्च बनवला तर तो त्यांचा हक्कच आहे.

आपल्या भागातल्या साहित्यासाठी डब्ल्यूएचओचं ग्लोबल इंडेक्स मेडिकस बघा, आग्नेय आशियाचा विभाग त्यात आहे आणि फुकट आहे. भारतातल्या ट्रायलसाठी सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, बघाच, २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली, झालेली पण कधीच न छापलेली ट्रायल तिथे सापडते. गूगल स्कॉलर पेपरच्या आतलं वाचतं म्हणून पूरक म्हणून चांगलं आहे, पण ते एका सर्चला हजाराच्या पुढे निकाल दाखवत नाही आणि लांब सर्च घेतही नाही, त्यामुळे मुख्य डेटाबेस म्हणून त्याचं नाव टाकू नका. एम्बेस केलं नाही हे मेथड्समध्ये स्पष्ट लिहा, लपवू नका.

पेपर सापडतो पण उघडत नाही, पैसे मागतात. काय करायचं? (बीएएमएस इंटर्न, अहिल्यानगर)

आधी पबमेडमध्येच 'फ्री फुल टेक्स्ट' आहे का बघा, मग युरोप पीएमसी हा मोफत संग्रह, मग लेखकाला दोन ओळींचा ईमेल, बहुतेक लेखक पाठवतात. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' चालू झालंय, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत, लायब्ररीत जाऊन लॉगिन मागा, कितीतरी इंटर्नना हे माहीतच नाही. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. पण एक करू नका, 'फ्री फुल टेक्स्ट'चा फिल्टर लावून रिव्ह्यू करू नका, फुकट मिळतात तेच पेपर वाचले तर निष्कर्षही तेवढ्याच पेपरांचा निघतो.

एआयला विचारलं की तो लगेच दहा रेफरन्स देतो, मग हे सगळं कशाला शिकायचं? (एमबीबीएस थर्ड इयर, पुणे)

त्या दहातला प्रत्येक रेफरन्स पबमेडच्या 'सिंगल सायटेशन मॅचर'मध्ये टाकून बघा. जर्नल, वर्ष, खंड, पान टाकायचं, पेपर असेल तर निघतो. नाव खऱ्या लेखकाचं, जर्नल खरं, आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही असे रेफरन्स एआय बेमालूम देतो. पेपर खरा निघाला तरी ॲबस्ट्रॅक्ट वाचा, कारण एआयने त्याच्या नावावर जे सांगितलं ते त्यात असेलच असं नाही. मी एआय अजिबात वापरू नका म्हणत नाही, एखाद्या विषयाची वेगवेगळी नावं सुचवायला तो खरंच मदत करतो, ती नावं घ्या आणि मेशमध्ये जाऊन पडताळा.

हो, आणि पेपर मागे घेतलेला नाही ना तेही बघा. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर मोठा पेपर आला आणि जूनमध्ये मागे घेतला गेला, त्याचा डेटाच पडताळता आला नाही. पबमेडमध्ये असा पेपर उघडला की वर ठळक सूचना दिसते. स्वतःच्या रेफरन्सच्या यादीवर एकदा रिट्रॅक्टेड पब्लिकेशन[पीटी] अँड करून चालवा (पीटी म्हणजे पब्लिकेशन टाइप), दोन मिनिटांचं काम आहे.

मी डॉक्टर नाही. आईला डायबेटिस आणि थायरॉइड आहे, नातेवाईक अश्वगंधा घ्या म्हणतात, व्हॉट्सॲपवर 'संशोधनाने सिद्ध' म्हणून मेसेज येतात. मला स्वतः बघता येईल का? (वाचक, कल्याण)

येईल, आणि जरूर बघा. पबमेडमध्ये अश्वगंधा टाकलंत तरी ते विथानिया या मेश हेडिंगला जोडलं जातं, त्यामुळे शास्त्रीय नाव माहीत नसलं तरी काळजी नको. डावीकडे 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' निवडा म्हणजे एकेकटे छोटे अभ्यास बाजूला राहतील. मग फायदा काय एवढंच बघू नका, तोटाही वेगळा शोधा, अश्वगंधा अँड लिव्हर असं टाकून बघा. यकृताला इजा झाल्याच्या केसेस छापून आल्यात, आणि नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्याच 'लिव्हरटॉक्स' या मोफत संग्रहात अश्वगंधेचं स्वतंत्र पान आहे. सोप्या इंग्रजीत हवं असेल तर मेडलाइनप्लस उघडा, ते सामान्य माणसांसाठीच आहे. डायबेटिसच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर अश्वगंधेचा परिणाम एकमेकांत मिसळू शकतो, त्यामुळे तुम्हाला जे सापडेल त्याचं प्रिंट काढून आईच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते बोलेपर्यंत सुरू करू नका.

थिसिस सबमिट व्हायला दीड वर्ष आहे. दर महिन्याला सगळा सर्च परत करायचा का? (एमडी रेसिडेंट, कोल्हापूर)

नाही. माय एनसीबीआयचं, म्हणजे पबमेडच्या लॉगिनचं, अकाउंट काढा, सर्च बॉक्सच्या खाली 'क्रिएट अलर्ट' आहे, तिथे सर्च सेव्ह करा आणि महिन्यातून एकदा ईमेल लावा, नवे पेपर आपोआप येतील. फिल्टर लावलेला सर्च सेव्ह करू नका, का ते वर नागपूरच्या उत्तरात आहे. क्लिपबोर्डवर पेपर ठेवून झोपू नका, आठ तास काही केलं नाही की ते जातं, 'कलेक्शन्स'मध्ये ठेवा. आणि सर्च ज्या दिवशी चालवला ती तारीख, पूर्ण ओळ जशीच्या तशी, आणि किती पेपर आले तो आकडा, हे तिन्ही त्याच दिवशी एका फाइलमध्ये कॉपी करा. हिस्टरी पबमेड कायम ठेवत नाही आणि व्हायव्हात एक्झामिनर नेमकं तेच विचारतात.